खळ्यावरची चव

झोंगनिंग, २१ जून

परात सरकवून मी बाबांची मान पुढे वाकवली आणि नाक चिमटीत घट्ट धरलं, तरी रक्त थांबेना. बोटांमधून मनगटावर आलं. ते काहीतरी बोलायला बघत होते. मी म्हटलं, "तोंड मिटा." ते म्हणाले, "मग श्वास कुठून घेऊ, कानाने?" बाहेरून हौ काका हाका मारत होते, "योंगशान, वाडगी लागली! ऊन वर आलं!" बाबांनी नाक माझ्या हातात असतानाच ओरडून सांगितलं, "आलो!"

शेवटी थांबलं. थोडंसंच होतं.

बाओलिन, मी सूयुन. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद. पत्ता तुझ्या वाळवलेल्या लाल गोजी फळांच्या पाकिटावरून घेतला. बसस्टँडसमोरच्या दुकानात ती टांगलेली असतात. डोळ्यांचं तेज, यकृताचं बळ, मूत्रपिंडांची शक्ती, दीर्घ आयुष्य. एवढं सगळं शंभर ग्रॅममध्ये. दुकानदाराने मला ओळखलं आणि पाकीट फुकट दिलं. मी पैसे ठेवून आले.

गेल्या शरदात बाबांच्या हृदयाची झडप बदलली. यिनच्वानला. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी भूल द्यायच्या आधी बजावलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "कळवलंस?" मी नाही म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता रोज एक गोळी. रक्त पातळ ठेवायची, जन्मभर. ती चुकली तर नव्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. जास्त झाली तर रक्त थांबत नाही. हिवाळाभर सगळं ठीक होतं. बागेत तोडणी सुरू झाली आणि बिघडलं. दाढी करताना लागलं तर दुपारपर्यंत वाहतं. दंडावर माझी बोटं उमटतात, निळी. डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली. फरक नाही. पुन्हा कमी केली. त्यांनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध घेता? काढा, पाला, मुळ्या?"

बाबा म्हणाले, "बाई, आमचं गाव अख्ख्या देशाला औषध पुरवतं. स्वतः कधी घेतलेलं नाही." डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले.

ग्वांगझूला मोठे डॉक्टर असतील. कोणाला तरी विचार, अशा माणसाचं रक्त उन्हाळ्यात का बिघडावं. तू ये असं मी लिहीत नाही. फक्त विचार.

तुझे दाजी ट्रक घेऊन लानझोला गेलेत. यंदा फळ मोठं आहे. मजूर बायका पुरेशा मिळाल्या.

सूयुन


३ जुलै

तुझ्या चार ओळी पोचल्या.

"ताई, बाबा गोजी खातात ना? गोळी चालू असताना चालत नाही. डॉक्टरांना आजच सांग. माझ्या एका गिऱ्हाइकाची आई अशीच दवाखान्यात गेली होती, तेव्हापासून मी पाकिटावर छापतो."

मी पाकीट काढून पाहिलं. खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे खरं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. पहिल्यांदा मला तुझा राग आला. वाटलं, सहा वर्षांनी चार ओळी लिहिल्या त्यातही आपल्या फळाला नावं ठेवली. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि बाबांचा दिवस आठवू लागले.

उठल्यावर थर्मासमध्ये मूठभर गोजी आणि गरम पाणी. ते संपलं की तळाची फळं चमच्याने. सकाळच्या पेजेत गोजी. दुपारी मटणाच्या रश्शात. चहाच्या झाकणवाल्या कपात खजूर, बेदाणे, खडीसाखर आणि गोजी. जेवणाआधी घोटभर दारू, तिच्या बरणीत निम्मी गोजीच. आणि तोडणीच्या दिवसांत खळ्यावर, घरोघरच्या वाडग्यांतून, दिवसभर. ते मी कधी मोजलंच नव्हतं. मीठ कोणी मोजतं का?

मागच्या पत्रात थोडंसं रक्त लिहिलं होतं. थोडंसं नव्हतं. परात भरली होती.

दुसऱ्या दिवशी यिनच्वानला गेलो. मी सगळं ओळीने सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि त्यांचा हात हळूहळू टेबलावरच्या काचेच्या पेल्याकडे जात होता. पेल्यात गरम पाणी होतं, वर गोजी तरंगत होती. त्यांनी तो फायलींच्या मागे ठेवला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "औषध काही घेता का म्हणून."

"हे औषध कुठंय?" बाबा म्हणाले. "हे जेवण आहे."

"आजोबा, त्या दिवशी तुम्ही औषधाचं गाव म्हणालात तेव्हा मीही हसले होते. तेव्हाच कळायला हवं होतं मला." मग सरळ बसल्या. "सगळ्यांना होतं असं नाही. फळ वाईट आहे असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या रक्तात गोळी आणि गोजी एकमेकांना सोडत नाहीत. दोघांपैकी एकच राहील. आणि गोळी बंद करता येणार नाही."

"किती दिवस?"

"कायम."

बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

बसमध्ये त्यांनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"एका पाकिटावर वाचलं."

"कोणाच्या?"

"आहे एक दुकानदार."

पुढचा रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना बागाच बागा, सगळ्या लाल. उतरताना म्हणाले, "त्या दुकानदाराला सांग, आपल्या मालाला नावं ठेवून कोणी धंदा करत नाही."

"पण त्याने ठेवली," मी म्हटलं.

ते पुढे चालू लागले.

सूयुन


९ जुलै

घर रिकामं केलं. बरणी हौ काकांकडे दिली, थर्मास उकळून घेतला, पिठाच्या डब्यामागची पुरचुंडीसुद्धा काढली. बाबा ओट्यावर बसून बघत होते.

"ती खिडकीतली विसरलीस."

"नाही विसरले. शेवटी घेणार होते."

"चप्पल झटकून बघ. एखादी असेल अडकलेली."

मी खरंच झटकली. एक निघाली. ते हसले, मग मीही.

दुसऱ्या सकाळी मी कपात गरम पाणी दिलं. त्यांनी आत बघितलं. "कप धुवायला दिलास का मला?" प्यायले मात्र.

दवाखान्यात जाऊन आलो आणि पुढच्या तपासणीत रक्त सुधारलं. मला वाटलं, झालं. मी मूर्ख. घर रिकामं केलं, खळं तसंच होतं.

तुला सांगायला नको, तरी लिहिते, म्हणजे मला रोज काय दिसतं ते तुला दिसेल. सकाळी ऊन चटयांवर आलं की प्रत्येक घराचं वाडगं बाबांच्या खुर्चीपुढे येतं. बाबा दोन-चार दाणे चावतात, गिळतात, मग बोलतात. "भरा पोत्यात." किंवा "अजून एक दिवस चटईवर." किंवा "सोड्याचं पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी सांभाळ." गिळलं म्हणजे फळ आपलं, माणूस आपला. उणीव असली तर ती पोटात घालून सांगायची. थुंकलं तर सांगायला काही उरत नाही. व्यापारी ते पोतं उचलत नाहीत आणि त्या घराकडे कोणी बघत नाही. म्हणून गावात कोणी थुंकत नाही.

वाडगी चाळीसच्या वर आहेत. गिळल्याशिवाय एकही पुढे जात नाही.

मी म्हटलं, "आता खळ्यावरही नको."

ते म्हणाले, "बरं."

इतक्या लवकर बरं म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं. ते गेले खळ्यावर, आणि मी काही बोलले नाही, कारण अंगावर एकही नवा डाग नव्हता. नाक कोरडं. हिरड्या स्वच्छ. चार दिवस असंच. काल मी वाळवण्याआधी फळं बुडवायला सोड्याचा डबा उघडला. वर सोडा, खाली हाताला कागद लागला. गोळ्या. मी रोज हातावर ठेवत होते त्या सगळ्या.

मी डबा घेऊन खळ्यावर गेले. चारचौघांत नाही विचारलं. बाजूला बोलावलं.

"हे काय?"

"सोडा."

"बाबा."

"दोघांपैकी एकच राहील म्हणाली ना ती बाई? मी निवडलं." ते चटईकडे बघत बोलत होते. "चटई कोणाची आहे ही? कडेची काळी पडतायत. कोणीतरी हात लावलाय ओल्या फळाला."

"गोळीविना झडप बंद पडते."

"पडेल तेव्हा पडेल. आज तर चालू आहे."

मी घरी येऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांचा आवाज बदलला. गुठळी आजही धरेल, उद्याही, एखादा महिना धरणार नाही. पण धरेल. मग हात-पाय, वाचा, नाहीतर जीव. त्यांनी मला गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते सांगितलं.

मी रडले नाही. वेळ नव्हता. संध्याकाळी पाऊस येणार होता आणि सगळ्या चटया झाकायच्या होत्या. झाकताना ठरवलं.

सूयुन


१३ जुलै

दहा तारखेला सकाळी बाबांच्या आधी मी खळ्यावर गेले आणि त्यांच्या खुर्चीत बसले.

बाबा आले. माझ्याकडे बघितलं. "ऊठ."

"नाही."

लोक वाडगी घेऊन उभे होते. मजूर बायका बागेतून मान वर करून बघत होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. झडप, गोळी, गोजी, सोड्याचा डबा. काही लपवलं नाही. म्हटलं, "बाबा आता चाखणार नाहीत. तुमचा एकेक दाणा त्यांच्या रक्तात जातो."

बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. चारचौघांत मी त्यांचं आजारपण मांडलं होतं. पण दुसरं काय करणार?

हौ काकूंनी वाडगं पोटाशी धरलं. "अगं, आम्हाला काय माहीत. मी तर कालच दोनदा दिली."

"मी चाखते," मी म्हटलं. "मलाही कळतं."

कोणी हो म्हणालं नाही. मग हौ काका म्हणाले, आणि चांगल्या मनाने म्हणाले, "पोरी, तुझी जीभ असेलही चांगली. पण व्यापारी महिनाअखेरीला येतात ते कांग योंगशानच्या खळ्यावर येतात. तुझ्या जिभेची आणि त्यांची ओळख नाही."

"मुठीने बघा मग. दाबून सोडली की दाणे सुटे व्हायला हवेत."

"मुठीला ओल कळते," बाबा बोलले. "खोटं कळत नाही."

हौ काका दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना कोणाचं भांडण सहन होत नाही, तुला माहीत आहे. एकदम म्हणाले, "अरे, मग सोपं आहे! चाव आणि थुंक. चांगली असेल तर तोंडाने सांग चांगली म्हणून. घरात कुल्ला करत नाहीस का? तसं. आम्ही काय वाईट वाटून घेणार आहोत?"

काकूंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तेव्हा त्यांना आठवलं. सगळ्यांनाच आठवलं. खळ्यावर कोणी हलेना.

बाबा म्हणाले, "आयुष्यात मी एकदाच थुंकलोय."

आणि घरी निघून गेले. मागून कोणीतरी हौ काकांना म्हणालं, "जीभ कुणाची तपासायला हवी ते कळलं आता." कोणी हसलं नाही.

दुपारी मी जेवण वाढलं. वाटलं होतं, ताट सरकवतील. पण जेवले. मग बोलले. शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

"हौची चांगली गोजी मी उद्या थुंकलो, तर परवापासून थुंकण्याला काही अर्थ राहणार नाही. मग त्या नव्या वर्षाला, सगळ्यांसमोर, पोराची थुंकलो ते काय होतं? मी म्हटलं, ही आपल्या बागेची नाही आणि पिशवीवर माझं नाव आहे. तो म्हणाला आपलीच आहे, पावसाचं वर्ष होतं, चव उतरली. म्हणाला, बाबांची जीभ म्हातारी झाली. सगळ्यांसमोर म्हणाला. सूयुन, तो खरं बोलत असेल तर मी पोर उगीच घालवला. खोटं बोलत असेल तर मी बरोबर होतो आणि त्या थुंकीचा मान मला राखायला हवा. सहा वर्षं झाली. मला अजून माहीत नाही. माहीत नसताना मी दुसऱ्याची चांगली गोजी थुंकू कशी?"

"तेवढ्यासाठी मरणार?"

"माझ्याकडे दुसरं काय आहे? लोकांच्या मोठ्या बागा आहेत, ट्रक आहेत. माझ्याकडे एवढंच आहे." त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलासारखी.

मी अर्धा तास भांडले. शेवटी एवढं मिळालं. व्यापारी येईपर्यंत ते चाखणार नाहीत आणि गोळी माझ्यासमोर घेतील. व्यापारी आले की चाखतील आणि गिळतील, आणि तेव्हापासून गोळ्या द्यायच्या नाहीत, मी माझ्याजवळ ठेवायच्या. तोवर लोकांची पोती उघडीच. रोज कोणीतरी येऊन आभाळाकडे बघतं आणि मग माझ्याकडे.

सूयुन


१४ जुलै

कालचं पत्र टाकल्यावर परत घरी आले आणि दुसरं लिहायला बसले, कारण कालच्यात मागायचं ते मागितलंच नाही.

बाबांना लिही. मला नको, त्यांना. त्या नव्या वर्षाच्या पिशव्यांत काय होतं ते लिही.

आपली असेल तर आपली लिही. पाऊस असेल तर पाऊस लिही. मग ते स्वतःला चुकलेलं समजतील, आणि ते मी बघेन, माझ्या घरात आहेत ते. नसेल आपली, तर कुठली होती तेही लिही. मला दोन्ही चालेल. अर्धंअर्धं चालणार नाही. थोडी आपली होती, थोडी बाहेरची, बाजार तसा होता, सगळेच करतात, हे काही नको. माफी मागू नको. त्यांना माफी नको आहे, त्यांना माहिती हवी आहे.

तुला वाटेल, सूयुनला आता गरज पडली म्हणून पत्रं येतायत. बरोबर आहे. गरज पडली आहे.

तुझ्या चार ओळींनी त्यांचं रक्त थांबवलं. ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तेव्हा त्यांनी त्या ओळी उलट्या करून वाचल्या असत्या. आता तू लिहिलंस की सांगेन.

पैसे पाठवू नको. फळ तर मुळीच पाठवू नको. कागद पाठव.

तो येईपर्यंत मी रोज सकाळी त्या खुर्चीत बसणार आहे. लोक हसायला लागलेत. काल एक मजूर बाई म्हणाली, "ताई, खुर्चीला मुळं फुटतील." मी म्हटलं, फुटू देत.

सूयुन


२५ जुलै

कुरिअरवाला थेट खळ्यावर आला. लिफाफ्यावर बाबांचं नाव होतं. बाबांनी अक्षर बघितलं आणि लगेच हात पुढे केला. ते लिफाफा फाडत असताना मी खुर्चीतून उठले. त्यांनी मला बसवलं. "बस. तुझीच आहे आता."

उभ्यानेच वाचलं. डोळे चांगले आहेत त्यांचे, चष्मा लागत नाही. तू म्हणशील गोजीमुळे. ते म्हणतात, जन्मभर हिरव्यात लाल शोधत राहिलो म्हणून. वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला.

"बाबा, ती गोजी आपली नव्हती. छिंगहायची होती. आपली संपली होती आणि लोकांच्या ऑर्डरी घेऊन बसलो होतो. पिशव्यांवर तुमचं आणि आपल्या गावाचं नाव मी घातलं. पावसाचं मी तिथल्या तिथे बनवून सांगितलं. तुमची जीभ बरोबर होती. मला ते तेव्हाही माहीत होतं."

मी वाचून बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते बसतील, किंवा निघून जातील.

ते म्हणाले, "छिंगहायची?"

"तसं लिहिलंय."

"मी शिनजियांगची धरली होती."

"बाबा, आपली नाही हे तर ओळखलंत."

"ते कोणीही ओळखेल. पण छिंगहायची..." त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासली, दाणा धरल्यासारखी. "म्हणून एवढी गोड होती. मोठी आणि गोड. फळात काही वाईट नव्हतं. मला कळायला हवं होतं."

दुपारभर ते त्यातच होते. हौ काकांना बोलावून सांगितलं, छिंगहायच्या फळाला मागून घशात कडवटपणा येत नाही, आपल्या फळाला येतो. काका म्हणाले, "सहा वर्षांनी शिकवतोयस." बाबा म्हणाले, "मला आज कळलं." काकांना पत्राबद्दल एक शब्द नाही. काकांनीही विचारलं नाही, पण जाताना मला डोळ्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

मग मी बाबांना सांगितलं, नाकातून रक्त येत होतं तेव्हा कारण शोधून देणारा दुकानदार कोण ते. ते चपलेचा अंगठा शिवत होते. सुई थांबली नाही.

"त्याने पाकिटावर छापलंय म्हणालीस?"

"हो. आधीपासून. कोणाची तरी आई आजारी पडली म्हणून."

"त्याने विक्री कमी होत असेल."

"होत असेल."

"हं."

जेवणानंतर त्यांनी स्वतः गोळी मागितली. मी हातावर ठेवली. त्यांनी ती माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली आणि तोंड उघडून दाखवलं, दवाखान्यात नर्सला दाखवायचे तसं. तुझं पत्र त्यांनी परत मागून घेतलं. कुठे ठेवलं, मला माहीत नाही आणि मी शोधणार नाही.

मग बाबा म्हणाले, "त्या थुंकीचं खरं आता कागदावर आहे, ती मला जपत बसायला नको, उद्या थुंकून निकाल तोंडाने सांगेन." मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. चावून थुंकलं आणि चूळ भरली तर? त्या म्हणाल्या, चालेलच असं सांगू शकत नाही, पण दर आठवड्याला रक्त तपासा, तेच सांगेल. एकही दाणा घशाखाली नको. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

मला तुझ्याविषयी काय वाटलं ते आज लिहीत नाही. लिफाफ्याचं तोंड चिकटवलेलं नाही. उद्या व्यापारी येणार आहेत. काय झालं ते लिहून मगच टाकेन.

२६ जुलै, सकाळ

बाबा खुर्चीवर बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होते. व्यापारी दोघे होते, ट्रकजवळ. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की आजपासून ते प्रत्येकाचं फळ थुंकणार, आणि निकाल बोलून देणार. पहिलं वाडगं हौ काकूंचं. बाबांनी दोन दाणे बराच वेळ चावले, मग वाकून मातीत थुंकले. काकूंना आधी सांगितलेलं होतं, तरी त्यांनी पदराएवढा रुमाल तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "चांगली आहे. भरा पोत्यात." चूळ भरली आणि पुढचं वाडगं मागितलं. व्यापाऱ्यांनी पोतं उचललं.